विश्लेषण : टिनाच्या गॅरेजला हीटर लावण्याआधी जरा वर बघा!

हजार वॅटचा हीटर घ्यायचा की दोन हजारचा, हा प्रश्न दुकानात विचारला जातो. त्याआधीचे दोन प्रश्न घरातच विचारायचे असतात. छत कशाचं आहे? आणि सॉकेट किती अँपिअरचं आहे?

"का गा, तू तं इंजिनीअर आहेस ना? मंग सांग बरं, हजार वॅटचा हीटर घेऊ का दोन हजारचा?"

गेल्या वर्षी डिसेंबरात काकांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एक व्हिडीओ अपलोड व्हायची वाट बघत होतो. कानाला फोन लावूनच म्हणालो, "दोन हजारचा घ्या काका, टिनाखाली हजारचं काही जाणवणार नाही." अर्ध्या मिनिटात विषय संपला.

काका बपेऱ्याला राहतात. तुमसर तालुक्यातलं, मध्य प्रदेशच्या सीमेजवळचं गाव. घराच्या अंगाला लागून टिनाचं शेड आहे, तेच त्यांचं गॅरेज. दिवसा तिथे मोटारसायकली आणि पाण्याचे पंप दुरुस्त होतात. रात्री मागच्या कोपऱ्यात आबाजींची खाट पडते, कारण घरात खोल्या दोनच. हीटर हवा होता तो या खाटेसाठी.

हीटर आला. तिसऱ्या रात्री जळका वास आला म्हणून काकू उठल्या. हीटरला काही झालं नव्हतं. भिंतीवरचं सॉकेट आणि त्यात खुपसलेला मल्टीप्लग वितळून एक झाले होते. खाट तिथून दोन हातांवर होती. आबाजी झोपलेलेच होते.

कोणाला इजा झाली नाही. पण तेव्हापासून मला एक गोष्ट डाचते. मी वॅट सांगितले, सॉकेट विचारलं नाही. छत विचारलं नाही. रात्री तिथे कोण झोपतं, हे तर मला माहीत होतं, तरी विचारात घेतलं नाही. हा लेख त्या अर्ध्या मिनिटाची भरपाई समजा.

बपेऱ्यात थंडी ती किती?

विदर्भ म्हटलं की ४५ अंशांचा मे महिना आठवतो. थंडीची बातमी होते ती नाशिक-महाबळेश्वरची. पण २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. पूर्व विदर्भात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचं तापमान १० अंशांच्या खाली जाणं नवं नाही. गोंदियाचं नाव तर राज्यातल्या सर्वांत थंड ठिकाणांच्या यादीत दर हिवाळ्यात दिसतं, आणि बपेरा त्याच पट्ट्यात येतं.

त्यातही टिनाच्या शेडमध्ये थंडी जास्त बोचते. निरभ्र रात्री पत्रा स्वतःची उष्णता आकाशाकडे फेकत राहतो आणि बाहेरच्या हवेपेक्षाही गार होतो. पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूने थेंब टपकतात ते याच कारणाने. खोलीतली वाफ गार पत्र्याला लागली की तिचं पाणी होतं. म्हणजे खाटेवरच्या माणसाच्या डोक्यावर रात्रभर थंडगार पाटा धरलेला असतो.

तेव्हा आबाजींना हीटर हवासा वाटणं, यात चूक काहीच नाही. म्हाताऱ्या शरीराला थंडी सोसत नाही. प्रश्न हीटर हवा की नको हा नाहीच. प्रश्न आहे तो कुठे, कसा आणि कशाच्या नंतर हवा, हा.

दोन हजार वॅट जातात कुठे?

आता थोडं गणित. घाबरू नका, गुणाकार आणि बेरजेच्या पुढे जाणार नाही.

काकांचं शेड साधारण १२ बाय १८ फुटांचं, उंची ९ फूट. वर नुसता पत्रा, समोर शटर, बाकी तीन बाजूंना विटांच्या भिंती. आत आणि बाहेर एका अंशाचा फरक ठेवायचा तर उष्णता किती गळते, ते बघू. आकडे अंदाजी आहेत, पण कोणताही अभियंता याच्या आसपासच येईल.

• छत : २० चौरस मीटर पत्रा. एका चौरस मीटरमधून सुमारे ७ वॅट. एकूण १४० वॅट.
• शटर : १० चौरस मीटर. एकूण ६० वॅट.
• विटांच्या भिंती : सुमारे ८० वॅट.
• फटी : पत्रा आणि भिंत यांच्यामधली पोकळी, शटरखालची फट. तासाला सहा वेळा हवा बदलते असं धरलं तर सुमारे १०५ वॅट.

बेरीज ३८५ वॅट. हे एका अंशासाठी. म्हणजे बाहेर १० अंश असताना आत २० अंश हवे असतील तर ३,८५० वॅट लागतील. काकांचा हीटर २,००० वॅटचा. तो रात्रभर पूर्ण ताकदीने चालला तरी खोली फार तर ५ अंशांनी तापणार. बाहेर १० तर आत १५.

आता त्याच शेडला पत्र्याखाली ग्लासवूल आणि जिप्सम बोर्डचं छत करा. शटरला आतून जाड पडदा लावा, फटी निम्म्याने बुजवा. छताची गळती १४० वरून १४ वॅटवर येते, शटरची ३० वर, फटींची ५० वर. भिंती तशाच ठेवल्या तरी नवी बेरीज होते १७४ वॅट. तोच हीटर, तीच वीज, पण आता खोली ११ अंशांहून अधिक तापते.

हीटर बदलला नाही, तरी ऊब दुपटीवर गेली. गळक्या माठात पाणी भरताना आपण मोठी घागर आणत नाही, आधी भोक शोधतो. उष्णतेच्या बाबतीत मात्र सरळ मोठा हीटर आणतो, कारण हे भोक डोळ्यांना दिसत नाही.

आणि ही दुरुस्ती फक्त हिवाळ्यापुरती नाही. जे छत जानेवारीत ऊब धरून ठेवतं तेच मे महिन्यात तापलेल्या पत्र्याची धग अडवतं. बपेऱ्यात हीटर वर्षातले दोन महिने लागतो. पत्रा छळतो त्याच्या दुप्पट काळ, तोही उन्हाळ्यात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे : पहिला रुपया छतावर, दुसरा वायरिंगवर आणि तिसरा हीटरवर. आपण हा क्रम नेमका उलटा लावतो.

मग जास्त वॅटचाच हीटर का नको?

कारण आपली वायरिंग त्यासाठी केलेलीच नसते.

२,००० वॅटचा हीटर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर करंट ओढतो. पंखा, टीव्ही, मोबाइल चार्जर यांच्यासाठी भिंतीवर असतं ते छोटं सॉकेट ६ अँपिअरचं. हीटरचा जाड पिनांचा प्लग त्यात जातच नाही. ही अडचण नाही, हा इशारा आहे. पण आपण बाजारातून २०-३० रुपयांचा मल्टीप्लग आणतो आणि इशाऱ्यालाच बगल देतो. काकांनी तेच केलं होतं.

पुढे काय होतं, तेही समजून घ्या. सॉकेटच्या आतली पितळी पकड जुनी होऊन सैल झालेली असते. अशा सैल जोडात अर्ध्या ओहमचा जरी रोध असला तरी ८.७ अँपिअरला तिथे जवळपास ३८ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडची सोल्डरिंगची कैची बऱ्याचदा २५ वॅटचीच असते. म्हणजे भिंतीतल्या प्लास्टिकमध्ये तुम्ही कथील वितळवणाऱ्या कैचीपेक्षा तापट वस्तू रात्रभर चालू ठेवली आहे. आणि करंट दुप्पट झाला की ही उष्णता चौपट होते.

मग एमसीबी का पडला नाही, असं काकांनी मला विचारलं. कारण एमसीबी करंट मोजतो, सैल जोड मोजत नाही. ८.७ अँपिअर हा १६ अँपिअरच्या एमसीबीसाठी अगदी साधा करंट आहे. त्याच्या दृष्टीने घरात सगळं ठीक चाललेलं असतं आणि तिकडे सॉकेट वितळत असतं.

उलटा प्रकारही बघा. संध्याकाळी गावात व्होल्टेज पडलेलं असतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० च्या जागी १८० व्होल्ट मिळाले तर २,००० वॅटचा हीटर सव्वाबाराशे वॅटवर येतो. "हीटर बोगस निघाला" अशी तक्रार दुकानदाराकडे जाते. अनेकदा हीटर चांगलाच असतो, वीजच अर्धीमुर्धी आलेली असते.

बिल किती वाढणार?

दोन हजार वॅटचा हीटर एक तास चालला की २ युनिट. रोज ४ तास, ६० दिवस धरले तर ४८० युनिट. सरासरी १० रुपये युनिट धरलं तरी ४,८०० रुपये.

पण खरी गोम टप्प्यांमध्ये आहे. घरगुती विजेचे दर १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० पर्यंत दुसरा, ३०१ ते ५०० पर्यंत तिसरा असे चढत जातात. पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात गेलं की वरच्या युनिटचा दर जवळपास दुप्पट होतो. ज्या घराचं महिन्याचं बिल ९० युनिटचं आहे, तिथे हीटर महिन्याला २४० युनिट टाकतो. घर थेट ३३० वर, म्हणजे तिसऱ्या टप्प्यात. हीटरचं जवळजवळ प्रत्येक युनिट महागड्या दराने मोजलं जातं.

यावर एक स्वस्त उपाय आहे. खोली तापवू नका, माणूस तापवा. लाल होणारा क्वार्ट्झ किंवा हॅलोजन हीटर हवा तापवत बसत नाही. त्याची ऊब शेकोटीसारखी सरळ अंगावर येते. समोर बसून काम करणाऱ्या एका माणसाला ८०० वॅट पुरतात. रोज ४ तासांचे ६० दिवसांत १९२ युनिट होतात, म्हणजे पहिल्या हिशेबाच्या निम्म्याहूनही कमी. छत गळकं असेल तर हाच हीटर बरा, कारण त्याची ऊब छतापर्यंत जाण्याआधी तुमच्यापर्यंत पोहोचते. ब्लोअर नेमका उलटा. तो हवा तापवतो, गरम हवा वर जाते आणि पत्र्याला शेकून बाहेर निघून जाते.

त्यापेक्षा शेगडी बरी नव्हती का?

नाही. इथे मी अजिबात मध्यममार्गी नाही.

उघड्यावरची शेकोटी वेगळी आणि बंद खोलीतली शेगडी वेगळी. धूर गेला, आता निखारे फुलले, आता खोलीत घ्यायला हरकत नाही, असा आपल्याकडे समज आहे. तो जीवघेणा आहे. धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून कळतो. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणसाला गुदमरल्यासारखं होत नाही, आधी डोकं जड होतं, मग झोप येते. झोपलेल्याला तर तेवढंही कळत नाही.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे एका रिसॉर्टच्या खोलीत केरळचे ८ पर्यटक दगावले. त्यांत लहान मुलंही होती. थंडी होती म्हणून त्यांनी खोली बंद करून गॅसचा हीटर चालू ठेवला होता. जळण गॅसचं असो, कोळशाचं असो की लाकडाचं, बंद खोलीत नियम एकच.

विजेचा हीटर काहीही जाळत नाही. म्हणून तो कार्बन मोनॉक्साइड सोडत नाही. 'हीटर ऑक्सिजन खातो' हा व्हॉट्सअॅपवरचा लाडका संदेश विजेच्या हीटरला लागू पडत नाही. घसा कोरडा पडतो हे खरं, कारण हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता कमी होते. त्यावर उपाय पाणी पिणं हा आहे, शेगडीकडे परतणं हा नाही.

गॅरेज आणि झोपायची खोली यात फरक काय?

पेट्रोल. हाच फरक.

कार्ब्युरेटर धुवायला बशीत काढलेलं पेट्रोल, थिनरचा डबा, तेलकट चिंध्या हे गॅरेजात असणारच. पेट्रोल शून्याखाली ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकेल इतकी वाफ सोडतं. म्हणजे आपल्याकडच्या थंडीला ते थंडी मानतच नाही. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर जात नाही, जमिनीलगत पसरते. आणि आपण हीटर कुठे ठेवतो? जमिनीवर.

लाल झालेली कॉइल तर उघडच आहे. पण कॉइल दिसत नाही अशा ऑइल हीटरमध्येही थर्मोस्टॅट चालू-बंद होताना बारीक ठिणगी पडू शकते. चार्जिंगला लावलेल्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो आणखी एक. अमेरिकेत घरच्या गॅरेजमध्ये ठिणगी पडू शकेल असं उपकरण जमिनीपासून १८ इंच वर बसवण्याची पद्धत आहे, ती याच वाफेमुळे. आपल्याकडे निदान एवढं पाळू : पेट्रोल उघडं असताना हीटर बंद, आणि हीटर चालू असताना पेट्रोल शटरच्या बाहेर.

आणि ज्या शेडमध्ये पेट्रोलचं काम होतं तिथे रात्री खाट नको. हे लिहायला सोपं आहे, दोन खोल्यांच्या घरात करायला अवघड. तरी लिहितो.

भंडाऱ्याला हे वेगळं सांगायला हवं का?

९ जानेवारी २०२१ ची पहाट या जिल्ह्यात कोणी विसरलेलं नाही. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागली. कक्षात १७ बाळं होती. ७ वाचली, १० गेली. आगीमागे विद्युत बिघाड असल्याचं चौकशीत पुढे आलं. त्यानंतर रुग्णालयांच्या फायर ऑडिटची चर्चा राज्यभर झाली.

रुग्णालयाची आणि आपल्या घराची तुलना करायची नाही. ते दुःख ज्यांचं आहे त्यांचं आहे. पण थंडीतली रात्र, सतत चालू असलेली उपकरणं आणि झोपेत असलेली, स्वतःहून उठून बाहेर पडू न शकणारी माणसं, ही जुळणी घरातही होते. रुग्णालयांचं ऑडिट व्हावं म्हणून आपण ओरडलो, ते बरोबरच होतं. घरातल्या सॉकेटचं ऑडिट कोण करतं? कोणीच नाही. सॉकेट काळं पडलं तर आपण त्याच्यावर कॅलेंडर टांगतो.

मग करायचं काय? क्रमाने सांगा

१. फटी बुजवा. पत्रा आणि भिंत यांच्यामधली पोकळी सिमेंटने, शटरखालची फट रबरी पट्टीने. जुन्या ताडपत्रीचा किंवा जाड कापडाचा पडदा शटरच्या आतून सोडा. मात्र शेडमध्ये शेगडी किंवा गाडीचं इंजिन चालणार असेल तर हवा खेळती हवीच.

२. पत्र्याखाली छत करा. उघडं थर्माकोल लावू नका, ते चटकन पेटतं आणि विषारी धूर सोडतं. तणसाचं छप्पर ऊब छान धरतं, पण हीटरच्या शेजारी तेही नको. ग्लासवूलच्या खाली जिप्सम बोर्ड हा त्यातला सुरक्षित पर्याय.

३. हीटरसाठी स्वतंत्र १६ अँपिअरचं सॉकेट घ्या. बोर्डापासून थेट ओढलेली, किमान अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वापरा. मल्टीप्लग नको, एक्स्टेन्शन बोर्ड नको. गुंडाळून ठेवलेली एक्स्टेन्शनची वायर तर मुळीच नको, कारण गुंडाळीत तिची उष्णता कोंडते.

४. अर्थिंग तपासून घ्या. तिसऱ्या भोकात वायर आहे का, आणि असली तर ती जमिनीत कुठे जाते, हे दोन्ही. अनेक घरांत तिसरं भोक नुसतं शोभेचं असतं. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. एमसीबी वायर वाचवतो, आरसीसीबी माणूस वाचवतो.

५. हीटर आयएसआय चिन्हाचा घ्या. आडवा पडला तर आपोआप बंद होणारा असावा. अंथरूण, पडदा, कपडे यांच्यापासून किमान ३ फूट लांब ठेवा. त्यावर ओले कपडे वाळवू नका.

६. पहिल्या दिवशी अर्धा तास चालवा, मग बंद करून प्लग काढा आणि पिनांजवळ हात न्या. प्लग कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर सॉकेट बदलल्याशिवाय पुन्हा लावू नका.

७. झोपताना बंद करा. झोपण्याआधी अर्धा तास अंथरूण आणि कोपरा गरम करून घ्या, मग बटण बंद. झोपलेला माणूस स्वतःच सुमारे ७० वॅटचा हीटर असतो. ती ऊब बाहेर जाऊ न देण्याचं काम जाड गोधडी बिनबिलाचं करते. डोक्याला मफलर, पायांत मोजे आणि पायाशी गरम पाण्याची पिशवी असली तर आणखी बरं.

'छताला पैसे कुठून आणायचे?'

हा प्रश्न काकांनी मला तोंडावर विचारला, आणि तो रास्त आहे. हीटर हजार-दोन हजारांत येतो. छताला त्याच्या कितीतरी पट लागतात. नागपुरात बसून 'आधी छत' म्हणणं सोपं आहे.

शिवाय माझ्याच हिशेबात एक कडू गोष्ट आहे. छत न करता फक्त पडदा लावला आणि फटी बुजवल्या तर गळती ३८५ वरून ३०० वॅटच्या आसपास येते. हीटरने पाचऐवजी साडेसहा अंश मिळतात. फार नाही. म्हणजे स्वस्तातले उपाय करा, पण त्यातून चमत्काराची अपेक्षा ठेवू नका. छत जमणारच नसेल तर खोली तापवायचा नाद सोडा आणि माणूस तापवा. ८०० वॅट, नवं सॉकेट आणि गोधडी एवढ्यावर हिवाळा निघतो.

पण सगळी जबाबदारी घरमालकावर टाकून मोकळं होणंही बरोबर नाही. नागपूरसारख्या शहरांनी उन्हाळ्यासाठी उष्णता कृती आराखडे केले. टिनाखाली राहणाऱ्या माणसाला ऊन आणि थंडी या दोन्हींचा त्रास एकाच पत्र्यातून होतो. मग सार्वजनिक पैशातून घरांना मदत होते तेव्हा छताखालच्या थराचा विचार त्यात का नसावा? एकदाचा खर्च, दोन ऋतूंचा फायदा.

दुसरं काम त्याहून सोपं आहे. दिवाळीनंतर, थंडी पडायच्या आधी, ग्रामपंचायतीने परवानाधारक वायरमन बोलावून गावात एक दिवस अर्थिंग आणि सॉकेट तपासून घ्यावेत. डोळ्यांच्या तपासणीची शिबिरं आपण घेतो, तसंच हे. एका घराला पंधरा मिनिटं पुरे. आणि हीटर विकणाऱ्या दुकानदाराने एकच प्रश्न विचारावा, "भाऊ, घरी १६ अँपिअरचा पॉइंट आहे का?" मल्टीप्लग विकून जे वीस-तीस रुपये मिळतात, त्यापेक्षा या प्रश्नाची किंमत मोठी आहे.

शेवटी काकांनी काय केलं?

छत अजून झालेलं नाही. धानाचे पैसे आले की करू, असं दोन वेळा ठरून राहिलं. पण आबाजींची खाट घरात आली, आणि पुढच्या खोलीतलं लाकडी कपाट त्याबदल्यात गॅरेजात गेलं. नवं सॉकेट बसलं. जुना मल्टीप्लग काकांनी फेकला नाही. तो वितळलेला गोळा त्यांनी गॅरेजच्या भिंतीला खिळ्यावर टांगून ठेवला आहे. गाडी दुरुस्तीला घेऊन आलेला माणूस विचारतो, "हे का होय गा?" आणि काका त्याला अर्ध्या मिनिटात सगळं सांगतात.

तेच अर्धं मिनिट मला गेल्या वर्षी नीट वापरता आलं असतं. तुमच्या घरी कोणी हीटर घ्यायला निघालं असेल तर वॅट सांगण्याआधी एवढंच विचारा : वर काय आहे, भिंतीत काय आहे, आणि रात्री शेजारी कोण झोपणार आहे?